हलवामामा

गाडीत बसल्यावर हलवामामांनी आधी चावी फिरवली, असे अठरा वर्षांत एकदाही घडले नाही. डाव्या हाताची दोन बोटे ते स्टिअरिंगवर ठेवीत, चाक केसभर डावीकडे, केसभर उजवीकडे हलवीत, आणि मगच उजवा हात चावीकडे नेत. गाडी नवी असो वा भंगारात निघालेली, मालकांची असो वा माझी, हा क्रम बदलत नसे. "आदी हलवा, मंग फिरवा," हे त्यांचे वाक्य. त्यावरूनच वर्कशॉपातल्या मंडळींनी त्यांना हलवामामा केले. बिरुदेव हे खरे नाव फक्त हजेरीपत्रकात उरले. एका दिवाळीत एका ग्राहकाने फोन करून विचारले, "तुमच्याकडे हलवा फार चांगला मिळतो म्हणे?" फोन मामांनीच घेतला होता. ते म्हणाले, "मिळतो की. पन आमच्यात त्यो ज्याचा त्यानं हलवावा लागतो."

सोलापुरात गाड्या विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वर्कशॉपाचा मी प्रमुख होतो. निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. मामा गेल्या उन्हाळ्यात वारले. मी कोणाचे सहसा कौतुक करीत नाही, हे माझ्या हाताखाली काम केलेल्यांना ठाऊक आहे. येथेही जे पाहिले आणि जे खात्रीने कळले, तेवढेच लिहीन.

मामा मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका गावचे. घर धनगराचे. तिशीपर्यंत त्यांनी मेंढरे राखली, मग जीप चालवायला शिकले, आणि जीप चालवीतच एके दिवशी आमच्याकडे कामाची चौकशी करीत आले. काम आवारात गाड्या लावण्याचे व काढण्याचे होते. त्या दिवशी एक गाडी अडून बसली होती. पुढचे चाक कडेच्या दगडाला रेटलेले, स्टिअरिंग कुलपात, चावी फिरत नव्हती. दोन मेकॅनिक जोर लावून थकले होते. आणखी जोर लावला असता, तर चावी मोडून आत राहिली असती. परीक्षा म्हणून मी या नव्या माणसाला बसवले. त्यांनी चावीकडे पाहिलेसुद्धा नाही. स्टिअरिंग एका बाजूला दाबून पाहिले, दुसऱ्या बाजूला दाबून पाहिले, जिकडे ते जरासे सैल पडले तिकडे धरून ठेवले, आणि चावी फिरवली. फिरली.

"कुठे शिकलात?" मी विचारले.

"शेरडामेंढरांत, सायेब."

"चेष्टा नको."

"चेष्टा न्हाय. शेरडू काट्याच्या कुपाटीत शिंग घालून बसतं. मागं वडलं की आनकी रुततं. आदी त्याला बोटभर फुडंच ढकलायचं. शिंग सैल पडलं की मंग मागं काडायचं. ह्ये चाक बी तसंच रुतलं हुतं."

त्याच दिवशी मी त्यांना वर्कशॉपातला एक उघडा स्टिअरिंग-दांडा दाखवला. चावी बाहेर काढली की कुलपातली एक पोलादी खिटी स्प्रिंगच्या जोराने दांड्याकडे सरकते. दांड्यावर खाचा असलेले कडे असते. स्टिअरिंग थोडे फिरले की समोर खाच येते, खिटी तीत पडते आणि चाक जखडते. चोराने तारा जोडून इंजिन सुरू केले, तरी त्याला गाडी वळवता येत नाही. अडचण येते ती मालकाची. टायर दगडाला टेकून पिळलेला असेल, तर तो आपल्या जागी परत यायला पाहतो. तो पीळ दांड्यातून वर चढतो आणि खाचेची भिंत खिटीवर दाबून धरते. दाबलेली खिटी चावीने मागे ओढली जात नाही. चाक केसभर हलवून तो दाब काढला, की हीच चावी लोण्यातून फिरावी तशी फिरते.

मामांनी तो दांडा हातात घेऊन दोनदा खिटी पाडली, दोनदा काढली. मग म्हणाले, "म्हंजी कुलपाची काय चूक न्हाय. कुलूप आडत न्हाय सायेब. भार आडतो."

मी कित्येक वर्षे हेच शिकवीत आलो होतो. इतक्या थोड्या शब्दांत मला ते सांगता आले नव्हते. तसे मी त्यांना बोललो नाही. उद्यापासून आठ वाजता या, एवढेच म्हणालो.

नव्या गाडीच्या पूजेला मामांना मी मुद्दाम जवळ उभे करीत असे. उजनीच्या पाणलोटाकाठचे केळीवाले एक कुटुंब एकदा गाडी न्यायला आले. बरोबर तेरा माणसे, पेढे, नारळ, चाकांखाली चिरडायला लिंबे. कोणीतरी झेंडूचा भलामोठा हार स्टिअरिंगला गुंडाळला आणि तो नीट बसावा म्हणून चाक पिळले. खिटी पडली. मुहूर्ताला थोरल्या काकांनी चावी घातली, ती फिरेना. काकांचा हात थांबला. मागून एक बाई म्हणाल्या, "गाडीला यायचं न्हाय वाटतं." तेरा माणसांचे तेरा चेहरे पडले. गाडी नको, दुसरी द्या, येथवर बोलणे आले. विक्री विभागातला माणूस घामाघूम होऊन समजावीत होता, आणि तो जितके समजावी तितका अपशकुन पक्का होत होता.

मामा पुढे आले. स्वतः बसले नाहीत. "काका," ते म्हणाले, "गाडी तुमच्याच हातानं निगनार. त्यो हार काडा आदी. नवरीला बी एवडा जड हार घालत न्हाईत. आता ह्ये चाक जरा हलवा."

"हलवा?" काका गोंधळले. "आमी पेढं आनल्यात, हलवा न्हाय आनला."

आवारातले सगळे हसले. पडलेले तेरा चेहरेही हसले, आणि मामांनी त्या हसण्यातच काकांचा हात चाकावर ठेवून चाक हलवले. "फिरवा आता." गाडी सुरू झाली. शकुन-अपशकुनावर मामा चकार शब्द बोलले नव्हते. मी नंतर विचारले, तर म्हणाले, "देवाला मधी कशाला घ्याचं? खिटीचं काम खिटीनं केलं की."

पुढे दोनच पायडलांच्या, क्लचशिवायच्या गाड्या आल्या. मेकॅनिकांतले जुने लोक त्यांच्यावर रागावले. मामा त्यांच्याभोवती आठ दिवस गप्प फिरत राहिले. या गाडीत गिअरची दांडी ‘पी’वर, म्हणजे पार्किंगच्या खुणेवर, नेली, की गिअरबॉक्समधली एक जाड खिटी दातेरी चाकाच्या खाचेत बसते आणि गाडी जागेवर अडकते. दांडी तेथून काढायची, तर ब्रेकचे पायडल दाबावेच लागते. तोपर्यंत आतली कडी दांडी सोडत नाही. आणि दांडी ‘पी’वर नसेल, तर चावी कुलपातून बाहेर निघत नाही. अशी तीन अडवणुकींची ती साखळी. मामांनी ती समजून घेतली आणि नव्या ड्रायव्हरांना आपल्या भाषेत शिकवली: "पायाला इचारल्याबिगर हात हलत न्हाय, आनि हात जाग्यावर आल्याबिगर चावी सुटत न्हाय. शानी गाडी हाय. मानसापरीस शानी."

उतारावर गाडी लावताना मात्र ते कोणाचीही गय करीत नसत. आधी हातब्रेक ओढायचा, पाय उचलून गाडीचे वजन हातब्रेकवर बसू द्यायचे, आणि मगच दांडी ‘पी’वर न्यायची. उलट केले, तर सगळे वजन त्या एका खिटीवर पडते आणि सकाळी दांडी काढताना गाडीच्या पोटात खट् आवाज होतो. एका बड्या वकिलांच्या गाडीचा तो आवाज ऐकून मामा त्यांच्या खिडकीशी गेले. "वकीलसायेब, सुपारी कुटल्या दातानं फोडता?"

"का हो?"

"एकाच दातानं रोज फोडता का? न्हाय न्हवं? मंग गाडीला एकाच दातावर का टांगता?"

वकील मजकडे तक्रार घेऊन आले. मी म्हणालो, मामा बरोबर आहेत. वकील पुढे अनेक वर्षे आमचेच ग्राहक राहिले.

एका डॉक्टरीणबाईंचा एकदा दवाखान्यातून फोन आला. गाडी सुरू होते, पण दांडी ‘पी’वरून हलत नाही, एक रुग्ण घरी वाट पाहत आहे, गाडी ओढून न्यायला माणूस पाठवा. मी माणूस पाठवणार, एवढ्यात मामांनी फोन मागितला. "बाई, कुनाला तरी मागं हुबं करा आनि पायडल दाबा. मागचा लाल दिवा लागतो का?" दिवा लागत नव्हता. मामा म्हणाले, "मंग गाडीला तुमचा पाय कळत न्हाय. जी तार दिव्याला सांगती तीच दांडीला सांगती. दांडीच्या कडंला येक बारकी खाच हाय, तितं किल्लीचं टोक दाबा आनि दांडी काडा. पेशंट बगून मंग हिकडं सावकाश या, ब्रेकचा दिवा न्हाय तुमचा." बाई आल्या. फ्यूज जळला होता. बाईंनी मामांना विचारले, तुम्ही किती शिकलात? मामा म्हणाले, "चवथी. पन दोनदा."

आता ज्या घटनेसाठी मी हे लिहायला बसलो, ती सांगतो.

धुलाईच्या जागी आमच्याकडे एक उतरता रॅम्प होता. तेथे ओल्या गाडीचा हातब्रेक ओढायचा नाही, असा नियम मीच केला होता. ओले ब्रेक धरून ठेवले की चिकटतात. चाकामागे लाकडी ठोकळा लावायचा, आणि ठोकळ्याचे चाक धुताना तो काढून दुसऱ्या चाकामागे लावायचा. तेवढा क्षणभर गाडी ‘पी’च्या खिटीवर उभी राही. एके सकाळी मामांनी एक गाडी रॅम्पवर लावली, ठोकळा लावला आणि चावी आणून माझ्या हातात दिली. धुलाईवाला शिवप्पा, हा अक्कलकोटकडचा आणि मामांचा जेवणातला जोडीदार, चाक धुण्यासाठी ठोकळा काढीत होता. तेवढ्यात गाडी सुटली. मामा ओरडत तिच्यामागे धावले. गाडी शिवप्पाच्या नडगीचे हाड मोडून खालच्या भिंतीवर आदळली.

शिवप्पाला दवाखान्यात नेल्यावर मालक आवारात आले. सगळे कामगार गोळा झालेले. वाट पाहत बसलेले दोन-तीन ग्राहकही होते, आणि त्यांतल्या एकाने गाडी सुटली तेव्हाच मोबाइलवर चित्रण केले होते.

"मामा, गाडी न्यूट्रलमध्ये सोडलीत तुम्ही," मालक म्हणाले.

"न्हाय मालक. ‘पी’ला लावली हुती."

"मग काय भुताने ढकलली? एका माणसाचा पाय मोडलाय. तुम्हाला उद्यापासून मी गाडीला हात लावू द्यायचा की नाही, ते आत्ता ठरेल."

मामा मालकांच्या समोर येऊन उभे राहिले. "मालक, कामावरनं काडा. पन माज्या हातनं गाडी सुटली म्हनू नगा. आमच्यात राखनदाराच्या हातनं जित्राब सुटलं, तर त्याला कुनी परत राखायला देत न्हाय. मला गावात तोंड दावायचंय." मग ते माझ्याकडे वळले. "सायेब, चावी कुनाकडं हाय?"

चावी माझ्या खिशात होती. मी ती काढून दाखवली.

"मंग तुमीच सांगा. दांडी ‘पी’ला नसंल, तर चावी निगती का?"

"नाही," मी म्हणालो.

चावी निघाली होती, म्हणजे दांडी ‘पी’वर होती. दांडी ‘पी’वर होती, म्हणजे मामांचे काम चोख होते. कुलपानेच त्यांची साक्ष दिली होती.

"मग गाडी गेली कशी?" मालकांनी विचारले.

"चावी बगती ती वरची दांडी," मामा सावकाश म्हणाले. "खाली खिटी बसली का न्हाय, त्ये तिला कळत न्हाय. वरची दांडी बरूबर हाय. म्हंजी मधली तार..."

ते एकदम थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि नजर काढून घेतली. मला तेव्हाच कळले, आणि त्यांनाही कळले होते. दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ती तार दोन दिवसांपूर्वी नव्याने जोडली होती. गिअरचे काम करणारा मेकॅनिक रजेवर होता, म्हणून ती मी स्वतः जोडली होती. अशा जोडणीत गिअरबॉक्सकडचा हात शेवटच्या टोकापर्यंत ढकलून मगच नट आवळायचा असतो. मी ढकलला होता. शेवटपर्यंत ढकलला नव्हता. खिटी खाचेच्या तळाशी न जाता दाताच्या कडेवर टेकत होती. सपाट आवारात मी तपासले तेव्हा गाडी उभी राहिली. उतारावर, पाण्याच्या माऱ्याने हलल्यावर ती निसटली.

"तार कोणी जोडली?" मालक म्हणाले. "मामा, गाडीचे कार्ड तुमच्या हाताशीच आहे. वाचा."

मामांनी कार्ड उचलले. क्षणभर पाहिले. मग म्हणाले, "चष्मा न्हाय मालक. गावाकडं ऱ्हायला."

त्यांच्या सदऱ्याच्या खिशातून चष्म्याची काडी बाहेर आली होती. ती मला दिसत होती.

मी त्यांच्या हातातून कार्ड घेतले आणि सर्वांसमोर माझे नाव वाचले. त्याच दुपारी अहवाल लिहिला: ‘गाडी योग्य रीतीने उभी केलेली होती. दोष तारेच्या जोडणीचा असून ती जोडणी खाली सही करणाऱ्याने केलेली होती.’ मालकांनी मला लेखी ताकीद दिली. ती योग्यच होती. संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो, तर शिवप्पा पाय टांगून पडला होता आणि मामा त्याला बिस्किटे चारीत होते. शिवप्पा आपल्या कानडी वळणाने म्हणाला, "सायबरे, तुमची सही लई जड हाय हो. पायावर पडली की." मामा त्याच्यावर ओरडले, "गप पड, लंगड्या!" मी हसलो नाही. पण ते दोघे बराच वेळ हसत होते, आणि मी तेथून लवकर उठलो नाही.

त्यानंतर वर्कशॉपात मामांनी एक तपासणी सुरू केली. गिअरची तार जोडली, की गाडी रॅम्पवर चढवायची, ‘पी’ लावायचा, ठोकळा दोन वीत अंतरावर ठेवायचा आणि गाडी मागून-पुढून हातांनी रेटायची. ती गाडी मामांनी स्वतः रेटल्याशिवाय मी कार्डावर सही करीत नसे. त्यांची सही वर, माझी खाली. माझ्या हाताखाली शिकलेल्या तीन पदवीधरांना हे अपमानास्पद वाटले. त्यांना मी म्हणालो, रॅम्पवर जा आणि मामांइतकी गाडी रेटून दाखवा, मग बोलू.

चार वर्षांनी मामा निवृत्त झाले. निरोपाला शाल, नारळ आणि आपली सोलापुरी चादर दिली. त्यांच्या पत्नी गावाहून आल्या होत्या. कार्यक्रम संपल्यावर त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. पदर सावरीत म्हणाल्या, "सायेब, येक मागनं हाय. ह्येंना सांगू नगा मी बोलले म्हनून."

"बोला, मामी."

"गाडी ह्येंच्या हातनं सुटली न्हवती, एवडं गावात येऊन सांगा की."

मला अर्थबोध झाला नाही. त्यांनी सांगितले, ते असे. ते मोबाइलचे चित्रण त्याच रात्री त्यांच्या गावाच्या ग्रुपवर पोचले होते. पुढे गाडी, मागे ओरडत धावणारे मामा. गाव पोट धरून हसले. लग्नात नवरदेवाची गाडी चालवण्याचा मान वीस-बावीस वर्षे मामांचा होता. त्या दिवसापासून तो गेला. गावचे वयाने थोर सिदूआबा पारावर सर्वांदेखत म्हणाले होते, ‘सुटल्या हाताला नवरदेव द्याचा न्हाय.’ चार वर्षे मामा दर लग्नात मंडपाच्या कडेला बसून जेवून परत येत होते.

"पण मामी, खरे काय ते त्यांनी सांगितले का नाही?"

"मी बी त्येच म्हनलं. तर म्हनले, तार कुनी बांदली आसं इचारलं, तर काय सांगू? खोटं बोलायला येत न्हाय, आनि सायबाचं नाव पारावर न्हाय घेनार."

मी त्यांना चहा घ्या म्हणालो.

येत्या अमावास्येला बिरोबाच्या देवळापुढे गाव जमते, हे मामींकडून विचारून घेतले. त्या दिवशी माझी स्वतःची गाडी घेऊन मी गेलो. वर्कशॉपाच्या फायलीतून अहवालाची प्रत काढून घेतली होती. पारावर तीस-चाळीस माणसे होती. मामा मला पाहून उठले, आणि हातातला कागद पाहून त्यांचा चेहरा बदलला.

"कशाला सायेब? झालं त्ये झालं की."

"मामा, खाली बसा," मी म्हणालो. त्यांना मी आवाज चढवून बोललो, असे ते एकदाच.

मी अहवाल वाचला. पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत.

"खालची सही कुनाची?" एका कडेने कोणी विचारले.

"माझी."

"म्हंजी चूक तुमची?"

"हो."

सिदूआबा पुढे बसले होते. पांढऱ्या मिशा, मांडीवर काठी. ते म्हणाले, "कागदावर कायबी लिवता येतं, सायेब. गाडी पळताना आमी डोळ्यांनी बगितली."

"गाडी पाहिलीत. तिची चावी पाहिली नाहीत," मी म्हणालो. "माझी गाडी तशाच बनावटीची आहे. या आणि बसा."

पार उठून गाडीभोवती आला. मी आत बसून हातब्रेक ओढला, ब्रेक दाबून दांडी ‘पी’वरून काढून मध्ये ठेवली, इंजिन बंद केले आणि माझ्या जागी आबांना बसवले. "आबा, आता चावी बाहेर काढा." आबांनी ओढली, पिळली, दात-ओठ खाल्ले, चावीला एक शिवी हासडली. चावी निघाली नाही. मागून एक तरणा गडी म्हणाला, "सरा आबा, मी बगतो." त्यालाही निघाली नाही. मग आणखी चौघांनी पाहिले. शेवटी मी आबांना पुन्हा बसवले, दांडी ‘पी’वर नेली आणि म्हणालो, "आता काढा." चावी त्यांच्या हातात सहज आली.

"त्या दिवशी गाडीची चावी माझ्या खिशात होती," मी म्हणालो. "मामांनी आणून दिलेली. यापुढे जे समजायचे ते समजा."

आबांनी चावी पुन्हा घालून एकदा काढून पाहिली. मग माझी चावी मला परत देऊन पारावर जाऊन बसले. मामा सर्वांच्या मागे, देवळाच्या पायरीवर मान खाली घालून बसले होते.

"आरं बिरू," आबा म्हणाले, "परवा नातवाचं लगीन हाय, नवरदेव सांगोल्याला न्ह्याचाय. जीप तू घी." आणि आपल्या जीपची चावी त्यांनी कनवटीतून काढून पारावरून मामांकडे फेकली. ती मामांच्या पायाशी मातीत पडली.

मामांनी चावीकडे पाहिले. वाकले नाहीत. चार वर्षे मंडपाच्या कडेला जेवलेला तो माणूस पायरीवरून सरळ उभा राहिला.

"आबा," ते म्हणाले, "चावी फेकत न्हाईत. हातात देत्यात."

एकाने चावी उचलून द्यायला हात पुढे केला, तो आबांनी काठीने अडवला. ते उठले, पार उतरले, काठीवर भार देऊन वाकले. त्या वयात वाकायला वेळ लागतो. सगळे गाव तो वेळ थांबून राहिले. त्यांनी चावी उचलली, धोतराच्या सोग्याला पुसली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

"धरा, बिरुदेव."